गाडीत झोपणार कोण?

गेल्या आठवड्यात एक तरुण जोडपं माझ्या गाळ्यात आलं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझं गाद्या-पडद्यांचं काम आहे. पूर्वी सोफ्यांची कव्हरं शिवायचे, हल्ली निम्मं काम कॅरव्हॅनचं असतं. लोक जुनी मिनीबस घेतात, आतल्या सीटा काढून पलंग आणि ओटा बसवतात आणि सुट्टी लागली की कोकणात नाहीतर घाटावर जाऊन गाडीतच मुक्काम करतात. या दोघांनी गादीची जाडी ठरवली, पडद्याच्या रंगावरून थोडं भांडून घेतलं आणि निघता निघता नवरा म्हणाला, "काकू, लाइटचं काय करावं हो? सोलर की जनरेटर? व्हिडिओ बघून बघून डोकं आऊट झालंय यार."

मी टेप गुंडाळत होते. तोंडातून आपसूक निघालं, "आधी सांगा, गाडीत झोपणार कोण?"

दोघं एकमेकांकडे बघून लाजली. मी मात्र टेप गुंडाळायची थांबले. हा प्रश्न माझा नव्हताच. शेजारच्या गाळ्यातले परब जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्यांचा प्रश्न माझ्या तोंडात येऊन बसला होता, तोसुद्धा त्यांच्या त्या कुडाळी हेलासकट. त्या दिवशी मी लवकर दुकान बंद करून घरी गेले.

परब अंगाने किडकिडीत. शर्टाच्या खिशात टेस्टर, गळ्यात मल्टिमीटर, चष्म्याला काळा दोरा. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा ते शाळेत होते. पुढे वायरमनचा कोर्स केला आणि बरीच वर्षं गोरेगावच्या स्टुडिओत व्हॅनिटी व्हॅनवर काढली. व्हॅनिटी म्हणजे नटनट्यांची मेकअपची आणि आराम करायची गाडी. ते काम त्यांनी एका दिवसात सोडलं, असं इस्टेटीत सगळे म्हणत. का सोडलं, ते कोणाला ठाऊक नव्हतं. इथे आल्यावर त्यांनी एकच धंदा धरला. खांबावरची वीज जिथे पोचत नाही तिथे गाडीतला दिवा, पंखा, फ्रिज कशावर चालवायचा ते ठरवून द्यायचं आणि बसवून द्यायचं.

नवं गिऱ्हाईक आलं की त्याला वाटे, हा माणूस आता बॅटरीचे प्रकार सांगणार, कॅटलॉग काढणार. परब स्टूल पुढे सरकवून विचारत, "गाडीत झोपणार कोण?" मग किती जण, वय काय, कोणाला दमा आहे का, कोण घोरतं, कोण रात्री चार वेळा उठतं. लोक गांगरून जात. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनीही एवढ्या चौकशा केल्या नसत्या.

दुसरा प्रश्न ठरलेला. "गाडी उन्हात लावणार की सावलीत?"

"सावलीतच ना. मस्त झाडाखाली."

"मग छपरावर पॅनल काय पापड वाळवायला लावू?"

गिऱ्हाईक हसलं की ते शांतपणे समजावत. छपरावर दोन पॅनल ठीक, पण एक घडीचं, लांब वायरीचं पॅनलही घ्या. गाडी सावलीत राहू दे, पॅनल उन्हात मांडा. पावसाळ्यात सूर्यावर भिस्त ठेवू नका, तेव्हा गाडी चालताना इंजिनावरून बॅटरी भरून घ्यायची. मुक्कामाच्या जागी प्लग मिळाला तर लाजू नका, लावा. बॅटरी लिथियमची. कोणी जुनी अ‍ॅसिडची बॅटरी पलंगाखाली बसवून आणली, तर ती आधी बाहेर काढायला लावत. "ती वायू सोडते," म्हणत. "माणसाच्या उशाखाली तिचं काय काम?"

घाटकोपरचं एक कुटुंब आलं होतं, चांगलं शिकलंसवरलेलं. त्यांनी कागदावर यादीच आणली: टीव्ही, मायक्रोवेव्ह, केस वाळवायचं मशीन, इंडक्शन, मिक्सर. परबांनी यादी वाचली आणि घडी करून परत दिली. म्हणाले, "आज संध्याकाळी घरचा मेन स्विच पाडा. सकाळपर्यंत ज्याच्यासाठी जीव कासावीस होईल तेवढंच लिहून आणा." ते गृहस्थ रागावूनच गेले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. चौथ्या दिवशी परत आले. कागदावर तीनच गोष्टी होत्या. पंखा, फोन आणि खाली वेगळ्या अक्षरात, आईचं श्वासाचं मशीन. आई रात्री ते मशीन लावून झोपतात हे यादी करताना कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अंधारात त्या खोकायला लागल्या तेव्हा सगळ्यांची पळापळ झाली. परबांनी त्या मशीनसाठी वेगळी बॅटरी दिली, तिच्यावर दुसरं काहीच जोडू दिलं नाही आणि स्विचवर लाल रंग लावला. त्या आईंशी ते फोनवरही बोलले. "आजी, लाल बटणाला नातवंडांना हात लावू द्यायचा नाय. लावलाच तर मला सांगायचं."

या सगळ्यात एक शब्द त्यांच्यासमोर चालायचा नाही, तो म्हणजे जनरेटर. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, हा शब्द निघाला की परब हात जोडत. "दुसरं दुकान बघा साहेब." कारण विचारलं तर सांगत नसत. एकदा दुपारी इस्टेटीतले लाइट गेले आणि समोरच्या प्लास्टिकवाल्याने जनरेटर चालू केला. परब जेवत होते. उष्ट्या हाताने उठून गेले, धूर कुठे जातोय ते वाकून पाहिलं, पायाने मशीन रेटून त्याचं तोंड उघड्या गल्लीकडे केलं. मग हात धुऊन येऊन पुन्हा डबा उघडला. प्लास्टिकवाला मला म्हणाला, "ताई, तुमच्या शेजाऱ्याचा एक स्क्रू ढिला आहे." मी म्हटलं, एकच असता तर मी आवळला असता.

कारण त्यांच्या आणखीही तऱ्हा होत्या. झोपलेला माणूस त्यांना बघवायचा नाही. माझे टेलर जेवणानंतर कापडाच्या गठ्ठ्याला टेकून डुलकी घेत. परब दारातून जाताना थांबणार, खांदा हलवणार, "चहा घेतोस?" वॉचमनला उठवत, टेम्पोत झोपलेल्या ड्रायव्हरला उठवत. स्वतःच्या खिशातून इस्टेटभर चहा पाजत. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो परब, पाच मिनिटं झोपू द्या की माणसाला." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच ओशाळले. त्या वेळी मला वाटलं, माझं बोलणं त्यांना लागलं असेल.

गाडी तयार झाली की देण्याआधी एक दुपार ती त्यांची. सगळ्या काचा बंद करायचे, पंखा, फ्रिज, दिवे चालू करायचे आणि आत एक उदबत्ती लावायचे. गिऱ्हाइकांना वाटे, पूजा करतात. पण ते तोंडाशी हात धरून धुराची रेघ बघत बसत. कुठे वळते, कुठे निघून जाते, कुठे नुसतीच घोटाळते. जिथे घोटाळेल तिथे झरोका पाडायचे. मग उदबत्ती विझवून, दार नुसतं लोटून, माझ्या नव्या गादीवर आडवे व्हायचे. दोन तास.

आणि बाहेर स्टुलावर मी.

"दर पंधरा मिनिटांनी पत्र्यावर तीन थापा मार. मी 'हां' म्हणेन. नाय म्हटलं, तर दार उघड. विचार करत बसू नको."

"पगार काय देणार?"

"फणसाचे गरे देतो ना गो, तळलेले."

गरे खरंच मिळायचे. मी बाहेर बसून पडद्यांना हूक टाचायचे, घड्याळ बघून थाप मारायचे आणि आतून "हां" यायचं. कधी झोपेतलं, कधी घसा खाकरून. पहिल्या पहिल्यांदा मला हसू यायचं. नंतर नंतर मात्र थाप मारली की आतला आवाज येईपर्यंत मीच श्वास रोखून धरायला लागले. असा छंद कोणी कोणाला लावू नये.

शनिवारी दुपारी त्यांच्याकडे मृणाल यायची. तिशीतली, चटपटीत, स्कूटरवरून. तिच्या आईने केलेली आंबोळी, उसळ असं काहीतरी डब्यात असे. "काका, आई म्हणाली डबा घासून द्या, मागच्या वेळी तसाच दिलात." परब तिच्यापुढे अगदी विरघळत. तिला स्कूटर यांनी शिकवलेली, दहावीच्या परीक्षेला सेंटरबाहेर हे उभे, कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून सही यांची. मला वाटायचं पुतणी असेल. लग्न त्यांनी केलं नव्हतं, त्यामुळे सगळी माया तिच्यावरच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

एका वैशाखातल्या दुपारी मी थाप मारली आणि आतून "हां" आलं नाही. पुन्हा मारली. नाही. मी दार ओढलं, पडदा फाडलाच म्हणा, आणि त्यांना दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. परब डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागले. ते फक्त झोपले होते. आदल्या रात्री जागरण झालं होतं त्यांचं, गावच्या कोणासाठी तरी हॉस्पिटलात.

मी तिथेच खाली बसले आणि त्यांना काय वाट्टेल ते बोलले. उद्यापासून दुसरी बाई बघा, मला हा खेळ नको, माझं काळीज काय भाड्याने घेतलंय का तुम्ही. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "गो बाय, त्याच्यावर कोणी थाप मारली नाय."

"कोणावर?"

"मोहनवर. मृणालच्या बापावर."

तेव्हा मला कळलं. स्टुडिओत ते आणि मोहन एकाच व्हॅनवर होते, हे वायरिंग बघायचे, तो गाडी चालवायचा. गाडीच्या मागे जनरेटर. शूटिंग चालू असलं की आवाज धरणारा माणूस ओरडायचा, जनरेटर बंद करा, डायलॉगमध्ये घरघर येते. आणि जनरेटर बंद केला की आतला नट ओरडायचा, एसी बंद पडला. त्या दिवशी परबांनी डोकं चालवलं. जनरेटरवर ओलं गोणपाट टाकलं, बाजूंनी प्लायवूड उभं केलं. आवाज निम्मा झाला. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. दुपारी नट सेटवर गेला तेव्हा मोहन, पहाटेपासून उठलेला, एसीत जरा पडतो म्हणून आत गेला. धूर बाहेर जायला जागा नव्हती, तो गाडीत शिरत राहिला.

"तीन वेळा मी गाडीजवळनं गेलो. काचेतनं बघितलं. चेहरा कसा लालबुंद, ताजातवाना. त्या धुरानं माणूस असाच दिसतो, ते मागनं कळलं. दमलाय, निजांदे म्हटलं." हे सांगताना ते स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. "तीन वेळा म्हटलं."

डॉक्टरने हार्ट असं लिहिलं. कोणी काही विचारलं नाही. मृणाल सहा वर्षांची होती. तिच्या आईला, सुमनवहिनींना, अजूनही तेवढंच माहीत होतं.

मी विचारलं, "आणि मृणालला कधी सांगणार?"

"सांगितलं तर ती परत येईल काय गो इथे?" परब म्हणाले. "शनिवारची."

खरं सांगायचं तर मलाही वाटलं, कशाला सांगायचं. पंचवीस वर्षं झाली, मुलगी सुखात आहे, यांच्या म्हातारपणाला तेवढा एकच आधार. मी दुसरी बाई बघायला लावली नाही. पुढच्या गाडीला पुन्हा स्टुलावर जाऊन बसले, पण आता दर दहा मिनिटांनी थाप मारायला लागले. त्यांनीही विचारलं नाही, घड्याळ बिघडलं का म्हणून.

पुढच्या वर्षी मृणालने नोकरी सोडली आणि कॅरव्हॅन भाड्याने द्यायचा धंदा काढला. पहिली गाडी अर्थात आमच्याकडेच. गाद्या माझ्या, वीज परबांची. तिने गाडीला शेवंती नाव दिलं, आजीचं. तीन-चार महिने धंदा बरा चालला आणि मग उन्हाळा आला. गिऱ्हाइकं तिला मोबाइलवर वाटेल ते लिहायला लागली. रात्री दोन वाजता एसी बंद पडला. मुलं घामाने भिजली. पुन्हा येणार नाही.

एका दुपारी ती शेवंती घेऊन आली. मी आत पडदे उतरवत होते, परब खाली बॅटरीच्या कप्प्यापाशी उकिडवे बसले होते.

"काका, जनरेटर बसवायचा आहे."

"नाय."

"ऐका ना. छोटा. बाहेर मागे स्टँडवर. रोज रोज नाही, फक्त उन्हाळ्यात."

"बॅटरी वाढवून देतो. छपराला आतनं जाड थर मारू, गाडी तापणार नाय. मुक्कामाच्या जागा प्लगवाल्याच धर."

"प्लगवाल्या जागा सगळीकडे कुठेयत? आणि एवढ्या बॅटऱ्या घातल्या तर माणसं कुठे बसवू, टपावर? काका, मी नीट विचार केलाय. धुराचा अलार्म लावू, गाडीपासून लांब ठेवू, ड्रायव्हरला ट्रेनिंग देऊ."

"लांब ठेवशील. मग एक दिवस पाऊस येईल, तुझा ड्रायव्हर तो गाडीखाली सरकवेल. एक दिवस गिऱ्हाईक बोलेल आवाज होतो, तो वर गोधडी टाकेल. अलार्म वाजला की कोणीतरी त्याचे सेल काढेल. माणसं वाईट नसतात गो. त्यांना फक्त आवाज नको असतो."

मृणालने मोबाइल काढून एक मेसेज बघितला. मग म्हणाली, "सॉरी काका. भांडुपला एक जण बसवून देतो म्हणालाय. उद्या गाडी तिकडे नेते. तुमच्याशी भांडायचं नाहीये मला."

तिने चावी उचलली. परब उभे राहिले. गुडघा धरून, हळू. मी माझे पडदे गोळा करून निघायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या हाताला हात लावला नव्हता.

"तू बस. तू नसलीस तर मी अर्धंच सांगेन."

आम्ही तिघं शेवंतीतच बसलो, मी शिवलेल्या गादीवर. परबांनी तिला सांगितलं. गोणपाट, प्लायवूड, तीन फेऱ्या, निजांदे. मी मान खाली घालून ऐकत होते, मला सगळं माहीतच होतं. आणि मग ते थांबले नाहीत. पुढे बोलत गेले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मलाही त्यांनी अर्धंच सांगितलं होतं.

मोहन हलत नाही हे कळल्यावर परबांनी पहिली गोष्ट केली ती ओरडायची नव्हती. त्यांनी मागे जाऊन गोणपाट काढलं. प्लायवूड उचलून सेटच्या भंगारात टाकलं. जनरेटर बंद केला, गाडीच्या सगळ्या काचा उघडल्या. मग ओरडले. माणसं धावत आली तेव्हा गाडीत वारा खेळत होता.

"आधी ओरडला असतात तर?" मृणालने विचारलं. तिचा आवाज अगदी सरळ होता, ऑफिसात विचारतात तसा.

"ठाऊक नाय. कदाचित वाचला असता. कदाचित आधीच गेला होता. ते मला कोणी सांगितलं नाय, आणि मी कोणाला विचारलं नाय. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं."

"आईला माहितीये?"

"नाय."

ती उठली. दारात क्षणभर थांबली, मागे वळून न बघता म्हणाली, "माझ्या फॉर्मवर सही करत होतात तुम्ही," आणि चालती झाली. गाडी तिथेच टाकून, पायी. तिची चावी गादीवर राहिली होती.

त्यानंतरचा शनिवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. सुमनवहिनींना परबांनी फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मग एक दिवस त्यांच्या घरी जाऊन आले. मी विचारलं, काय म्हणाल्या? "दार उघडलं. बघितलं. परत लावलं," एवढंच बोलले. रडले नाहीत. मी रडले, त्यांच्यासमोरच, आणि वर त्यांच्यावरच चिडले. इतकी वर्षं त्या पोरीचं सगळं केलंत ते प्रेम होतं की प्रायश्चित्त, असं टोचून विचारलं. ते म्हणाले, "सुरुवातीला काय होतं ते ठाऊक हाय. नंतर कधी बदललं ते नाय कळलं." मला अजून माझ्या त्या प्रश्नाची लाज वाटते.

शेवंती दाराशी उभीच होती. परब रोज तिच्याभोवती एक फेरी मारत. गाडीत जात नसत.

तिसऱ्या आठवड्यात मृणाल आली. डोळे खोल गेलेले. स्टुलावर बसली नाही, उभ्यानेच बोलली. "जनरेटर लावणार नाही. किती बॅटऱ्या लागतील, किती पॅनल, सगळं लिहून द्या. कागदावर." काका म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही, नुसतं "द्या."

परबांनी लिहून दिलं. आणि मग ते कामाला लागले ते असे, की मी त्यांना तसं काम करताना कधी पाहिलं नव्हतं. छपराला आतून जाड थर, त्यावर माझ्याकडून कापड. खिडक्यांना चांदीच्या कागदाचे पडदे. पलंगाखालचा कप्पा वाढवून तिथे लिथियमच्या बॅटऱ्या. छपराच्या काठापर्यंत पॅनल, वर आणखी दोन घडीची. एसी छोटा, कमी खाणारा, तोही पलंगाच्या डोक्याशी असा लावला की सगळी गाडी गार करण्याऐवजी झोपणाऱ्यालाच वारा लागावा. पावसाळाभर हेच चाललं, जेवायलाही उठायचे नाहीत. वायरीच्या प्रत्येक टोकाला त्यांनी कागदाची चिठ्ठी लावली, ही कुठून आली, कुठे जाते, मोठ्या अक्षरात. मी म्हटलं, एवढं कशाला, काही बिघडलं तर तुम्ही आहातच की. ते म्हणाले, "तिला मला विचारायला यावं लागू नये." मी पुढची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

त्या वेळी दुपारचं झोपणं त्यांनी तीन दिवस केलं. मी तिन्ही दिवस बाहेर बसले.

गाडी दिली त्यानंतर आठच दिवसांनी परब गणपतीला म्हणून गावी गेले आणि तिथूनच त्यांची बातमी आली. छातीत दुखलं म्हणे, कुडाळला न्यायच्या आधीच. पुतण्याने येऊन गाळा रिकामा केला. आता तिथे मोबाइलची कव्हरं बनतात. दुपारी यंत्राची घरघर थांबते तेव्हा मी अजून भिंतीला कान लावते. त्यात काही अर्थ नाही, मला कळतं. तरी लावते.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते येतात ते गाडी दिली त्या दिवशीचे. मृणाल ड्रायव्हरच्या जागेवर बसलेली, मांडीवर वही. परब बाहेर उभे, खिडकीशी. एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला सांगावं तसं ते तिला एकेक स्विच समजावत होते, आणि ती लिहून घेत होती. हा चालू ठेवायचा, तो रात्री पाडायचा, पावसात हे झाकायचं. सगळं सांगून झालं. तिने वही मिटली, गाडी चालू केली. परब दोन पावलं मागे झाले. इस्टेटीच्या फाटकातून एक मालाचा टेम्पो आत यायला थांबला होता, तिची गाडी त्याच्या वाटेत होती.

मृणाल निघाली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसली. मग म्हणाली, "बाबा त्या दिवशी जेवले होते?"

परबांना पहिल्यांदा ऐकू आलं नसावं, किंवा खरं वाटलं नसावं. ते पुन्हा खिडकीशी आले.

"जेवले होते का बाबा?"

"हो," परब म्हणाले. "माझ्या डब्यातलं. भाकरी आणि जवळ्याची चटणी. तिखट झाली म्हणून मला शिव्या घातल्यान, आणि परत मागून घेतल्यान."

"आणि काय बोलले?"

"तुझंच बोलला. तुझा पुढचा दात पडला होता, तू शाळेत जायला तयार नव्हतीस. तोंडाला रुमाल बांधून बसली होतीस. ते सांगून सांगून हसत होता."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मग दुसऱ्यांदा, लांबच लांब. परब कावरेबावरे होऊन बाजूला व्हायला लागले. मृणालने चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"अजून सांगा," ती म्हणाली.